कॅमेऱ्याचा रोजमेळ

व्यापारी घराण्यांत रोजमेळाला असाधारण मान आहे. दिवसाची जमा-नावे लिहून हातातील रोकड शिल्लकेशी ताडून पाहिल्याखेरीज पेढीचे दार बंद होत नसे. नोंद केवळ असून भागत नाही. ती सलग, तारीखवार आणि तपासलेली असावी लागते, हा धडा घरातील मुलांना शाळेच्या आधी दुकानात मिळे.

आज प्रत्येक दुकानात वहीच्या जोडीला आणखी एक नोंद अहोरात्र होत असते. ती म्हणजे कॅमेऱ्याचे चित्रण. या नोंदीच्या वाट्याला मात्र रोजमेळाची शिस्त क्वचितच येते. कॅमेरे बसवणारा माणूस काम आटोपून जातो, पडद्यावर चित्रे हलू लागतात आणि मालक निर्धास्त होतो. पुढे कधी गोदामातील माल कमी भरला किंवा गल्ल्यात तूट आली की चित्रणाची आठवण होते. तेव्हा कळते की हवा तो दिवस पुसला गेला आहे, घड्याळ वीस मिनिटे मागे आहे किंवा डिस्क दोन महिन्यांपूर्वीच बंद पडली आहे. पडद्यावर दिसणारे चित्र आणि जपून ठेवलेले चित्रण या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे.

बहुतेक ठिकाणी चित्रण साठवण्यासाठी डीव्हीआर नावाची पेटी वापरतात. ती स्वस्त आणि सोपी असते. पण ती गल्ल्याजवळच्या फळीवर उघडी ठेवलेली असते आणि सराईत चोर जाताना तीही उचलून नेतो. हेच काम साधा संगणक करू शकतो. नेटवर्क कॅमेऱ्याची तार संगणकापर्यंत नेता येते, त्यामुळे दुकान खाली आणि घर वर असेल तर चित्रणाची वही घरात, कुलपाआड राहू शकते. डिस्क वाढवणे, एखादा दिवस शोधून काढणे, आवश्यक तेवढ्याच भागाची प्रत करणे या गोष्टी संगणकावर अधिक सुलभ होतात.

यासाठीचे प्रोग्रामही उपलब्ध आहेत. लिनक्सवर चालणारा झोनमाइंडर हा त्यांपैकी मोफत मिळणारा एक. फिलिप कूम्ब्स यांच्या गॅरेजमधील विजेवरची हत्यारे चोरीस गेली, आणि त्या अनुभवातून त्यांनी तो लिहिला. विंडोज वापरणाऱ्यांसाठी ब्लू आयरिससारखे विकतचे प्रोग्राम आहेत. कॅमेरा घेताना तो ऑनव्हिफ या मानकाप्रमाणे चालतो की नाही, एवढे अवश्य विचारावे. 2008 साली स्थापन झालेल्या या संघटनेच्या मानकामुळे निरनिराळ्या कंपन्यांचे कॅमेरे एकाच संगणकाला जोडता येतात आणि पुढे एकाच विक्रेत्यावर अवलंबून राहावे लागत नाही.

आता हिशेब. एक कॅमेरा सेकंदाला 2 मेगाबिट या गतीने चित्र पाठवत असेल, तर दिवसाला सुमारे 21.6 गीगाबाइट जागा लागते. चार कॅमेऱ्यांचे 86.4 गीगाबाइट झाले. म्हणजे 4 टेराबाइटच्या डिस्कवर साधारण 46 दिवसांचे चित्रण मावते. त्याच डिस्कवर आठ कॅमेरे जोडले की मुदत 23 दिवसांवर येते. डिस्क भरली की सर्वांत जुने चित्रण पुसून नवे लिहिले जाते. ज्या पेढीत मालाची मोजदाद महिन्याच्या अखेरीस होते, तिथे 23 दिवसांची नोंद अपुरी आहे, कारण तूट उघडकीस येण्याआधीच पुरावा गेलेला असतो. मोजदादीची मुदत आणि त्यावर किमान 15 दिवस, असा ठोकताळा धरावा. रिझर्व्ह बँकेने 2021 च्या परिपत्रकानुसार लॉकरच्या दालनात ये-जा करणाऱ्यांचे चित्रण किमान 180 दिवस जपण्याचे बंधन बँकांवर घातले आहे, त्यामागचा विचारही हाच. खातेदार लॉकर रोज उघडत नाही. त्याची तक्रार उशिरानेच येते.

हालचाल झाली तरच चित्रण करण्याची सोय बहुतेक प्रोग्राममध्ये असते. तिने जागा वाचते, परंतु हालचालीच्या आधीची काही सेकंदेही साठवली जातील अशी व्यवस्था करून घ्यावी. अन्यथा माणूस आत आल्यानंतरचेच चित्र हाती लागते. गल्ला आणि तराजू यांचे चित्रण मात्र दुकान उघडे असेपर्यंत अखंड ठेवावे. डिस्क सतत लेखनासाठी बनवलेली, सर्व्हेलन्स प्रकारची घ्यावी. संगणक साठ वॉटचा धरला तर अहोरात्र चालून महिन्याला सुमारे 43 युनिट वीज खर्च होते. संगणकाबरोबर कॅमेरे आणि राउटरही यूपीएसवर ठेवावेत, कारण वीज गेलेली वेळच चोराला सोयीची असते.

राखणदार स्वतःच फितूर होऊ नये, याचीही काळजी घ्यावी लागते. 2016 साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातील असंख्य कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड मालकांनी बदललेलाच नव्हता, एवढे कारण त्याला पुरले. 21 ऑक्टोबर 2016 रोजी अशाच उपकरणांच्या माऱ्यामुळे अमेरिकेतील अनेक मोठ्या संकेतस्थळांची सेवा काही तास विस्कळीत झाली होती. कॅमेरा बसताच पासवर्ड बदलावा, तो बसवणाऱ्याकडे राहू देऊ नये आणि मोबाइलवर चित्र पाहण्यासाठी इंटरनेटवरून कॅमेऱ्यापर्यंत थेट वाट मोकळी ठेवू नये.

चित्रण पोलिसांपुढे किंवा न्यायालयात न्यायचे झाल्यास मोबाइलवर पाठवलेली क्लिप पुरत नाही. जालना विधानसभा मतदारसंघाच्या 2014 च्या निवडणुकीवरून झालेल्या खटल्यात उमेदवारी अर्ज केव्हा दाखल झाले, हा वाद होता आणि निवडणूक कार्यालयातील चित्रण हा त्यातील महत्त्वाचा पुरावा होता. 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यात स्पष्ट केले, की मूळ उपकरणच हजर केले नसेल तर त्याच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र अनिवार्य आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 नुसार या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत : एक उपकरण सांभाळणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. फाइलचा हॅश, म्हणजे तिचा अंकीय ठसा, त्यात नोंदवावा लागतो. फाइलमध्ये किंचितही फेरफार झाला तर हा ठसा जुळत नाही. म्हणून घटना लक्षात येताच त्या वेळेच्या मागचे-पुढचे चित्रण मूळ स्वरूपात वेगळे काढून ठेवावे आणि प्रत कोणी, केव्हा केली हे लिहून ठेवावे. संगणकाचे घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळते ठेवले, तर बिलावरील वेळ आणि चित्रावरील वेळ एकमेकींना दुजोरा देतात.

ही नोंद कोणाविरुद्ध ठेवायची, हा प्रश्न यापुढचा आणि अधिक महत्त्वाचा आहे. समजा, दिवसाअखेर गल्ल्यात पाच हजार रुपये कमी आले आणि नव्या गुमास्त्यावर संशय गेला. चित्रण नीट असेल तर कदाचित असे दिसेल, की मालकाच्याच मुलाने दुपारी पुरवठादाराला रक्कम दिली आणि ती लिहायची राहिली. त्या एका मिनिटाच्या चित्रणाने एका गरीब घरचा मुलगा कलंकातून सुटतो. चित्रण हरवलेले असेल, तर संशय मात्र कायम राहतो आणि माणूस जातो.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. चोरीला प्रवृत्त करणे आणि चोरीचा माल घेणे यांच्याच पंक्तीत खोटी वजने-मापे आणि भेसळीचा व्यवहारही तिथे मोजला आहे. तेव्हा तराजूवर रोखलेला कॅमेरा नोकराइतकाच मालकालाही पाहत असतो, आणि तसाच तो असावा. ग्राहकाने वजनाबद्दल शंका काढली तर त्याला चित्रण दाखवण्याची तयारी असणे, ही पेढीच्या नावाची खरी राखण होय.

मर्यादाही पाळल्या पाहिजेत. कॅमेरे आहेत हे नोकरवर्गाला आणि ग्राहकांना फलक लावून सांगावे. कापड दुकानातील कपडे घालून पाहण्याच्या खोलीत कॅमेरा असणे हे केवळ अशिष्ट नव्हे. स्त्रीचे असे चित्रण भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा ठरू शकते. मंदिर, स्थानक, उपाश्रय यांच्या विश्वस्तांनी प्रवेशद्वार आणि भंडार यांवर जरूर लक्ष ठेवावे. साधू-साध्वींच्या निवासाचा भाग कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर ठेवावा.

हे सर्व सांभाळण्यास आठवड्याची दहा मिनिटे पुरतात. शनिवारी दुकान वाढवताना घरातील एकाने संगणकापुढे बसून चार गोष्टी पाहाव्यात : सर्व कॅमेरे चालू आहेत का, घड्याळ बरोबर आहे का, महिन्यापूर्वीचा एखादा दिवस उघडतो का आणि त्यात चेहरा ओळखू येतो का. पाहणाऱ्याने तारीख घालून वहीत सही करावी. दिवाळीला वहीपूजन करताना नव्या वहीशेजारी ही छोटी वहीही ठेवावी, आणि पूजेपूर्वी गेल्या वर्षातील एकही शनिवार कोरा राहिलेला नाही, एवढे पाहून घ्यावे.