बीपीच्या आकड्यात न दिसणारा धोका

‘आठव्या महिन्यात बीपी 150 निघाला, पण सुनेला काहीच त्रास नाही. मग घाटी रुग्णालयात कशाला न्यायचं?’ असं विचारणारी सासू मराठवाड्यात कुठल्याही गावात भेटेल. प्रश्न वेडगळ नाही. प्रीएक्लाम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढवून अवयवांना इजा करणारा आजार, झालेल्या बऱ्याच जणी सुखरूप बाळंत होतात. काहींना मात्र झटके येतात, किडनी बंद पडते, बाळ दगावतं. कोणाला, हे आधी कळतं का?

2011 साली ‘लॅन्सेट’मध्ये हा आजार झालेल्या 2023 स्त्रियांचा अभ्यास छापून आला. पुढच्या 48 तासांत कोणाची तब्येत ढासळेल, हे ओळखणारं त्यातलं गणित सहा गोष्टींवर उभं आहे: गर्भाचे आठवडे, छातीत दुखणं किंवा दम लागणं, रक्तातला ऑक्सिजन, प्लेटलेट, क्रिएटिनिन आणि यकृताचं एक एन्झाइम. गंमत म्हणजे, यात बीपी नाही!

जायकवाडी धरणाहून संभाजीनगर शहरात येणारी जुनी जलवाहिनी आठवा. पंपावरचं मीटर दाब दाखवतं, पण पाइप कुठे गंजलाय ते नाही, आणि तो फुटतो तिथेच. बीपीचंही तसंच. या आजारात वारेतून रक्तात मिसळणारी द्रव्यं रक्तवाहिन्यांचं अस्तर खराब करतात. मग कुणाचं यकृत, कुणाची किडनी, कुणाचा मेंदू. बरगडीखाली दुखतं तेव्हा घरात ‘पित्त झालंय’ म्हणत सोडा पाजतात, आणि यकृताची हाक तशीच विरून जाते.

म्हणून बीपी मोजायचाच नाही, असं नव्हे. 160/110 झाला, की मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. तो उतरवायला महागडं यंत्र लागत नाही, हे आपल्या नागपुरानेच दाखवलं. तिथल्या दोन सरकारी रुग्णालयांत 894 स्त्रियांवर तीन स्वस्त गोळ्या तपासल्या गेल्या. 2019 मध्ये निष्कर्ष आला: निफेडिपिनने 84 टक्के जणींचा बीपी सहा तासांत सुरक्षित पातळीवर आला.

आजार जितका लवकर, म्हणजे 34 आठवड्यांच्या आत सुरू होतो, तितकी जोखीम मोठी. ऊसतोडीला गेलेल्या बाईची तपासणी तर याच महिन्यांत हुकते.

तेव्हा डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, दम किंवा बरगडीखाली दुखणं, यातलं एक जरी असलं तरी सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा.