गाणं एक, घरं तीन

रविवारी रात्री आठ वाजता बाबा सांगलीत आरामखुर्चीत बसतात, मी पुण्यात आणि ताई न्यू जर्सीत. तिच्याकडे तेव्हा उन्हाळ्यात सकाळचे साडेदहा वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेनऊ. तिघं मिळून तासभर गाणं ऐकतो. हे नीट जमायला चार-पाच महिने लागले. आमचं नेट वाईट नव्हतं, फोनही जुने नव्हते. आमच्या समजुती चुकीच्या होत्या. अशी बरीच घरं माझ्या ओळखीत आहेत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

«एकाने गाणं लावलं की ते बाकीच्यांकडे जातं»

सगळे घोटाळे या एका समजुतीतून सुरू होतात. ऑनलाइन एकत्र ऐकण्याच्या दोन अगदी वेगळ्या रीती आहेत. पहिल्या रीतीत गाणं एका घरातून दुसऱ्या घरात जातच नाही. प्रत्येकाचं यंत्र तेच ध्वनिमुद्रण कंपनीच्या सर्व्हरवरून स्वतंत्रपणे घेतं. एकमेकांकडे जाते ती फक्त खूण: अमुक गाणं, २ मिनिटं १४ सेकंद, चालू. कुणी थांबवलं की थांबल्याची खूण जाते. स्पॉटिफायचं ‘जॅम’ (हे सप्टेंबर २०२३ मध्ये आलं) आणि अ‍ॅपलचं ‘शेअरप्ले’ असं चालतं. दुसऱ्या रीतीत गाणं एकाच यंत्रावर वाजतं आणि त्याचा आवाज कॉलमधून इतरांकडे पाठवला जातो. झूम, गूगल मीट, व्हॉट्सअ‍ॅपवरचं स्क्रीन शेअरिंग या जातीचं.

खूण पाठवणाऱ्या अ‍ॅपवर प्रत्येकाला मूळ दर्जाचं गाणं ऐकू येतं, पण प्रत्येकाकडे ते अ‍ॅप आणि बहुतेक वेळा पैसे भरलेलं खातं लागतं. आवाज पाठवणाऱ्या अ‍ॅपवर एकाकडे गाणं असलं की पुरतं, पण ते बोलण्यासाठी बांधलेल्या रस्त्यावरून जातं. कुठलं अ‍ॅप चांगलं, हा प्रश्न मला आता दुय्यम वाटतो. आधी ठरवावं की आपल्याला खूण पाठवायची आहे की आवाज.

«व्हिडिओ कॉलवर बोलणं स्पष्ट येतं, मग गाणंही येईल»

आमचं पहिलं रविवारचं गाणं इथेच बुडालं. मी लॅपटॉपवर किराणा घराण्याची एक जुनी मैफल लावली आणि लॅपटॉपसमोर फोन धरला. बाबा म्हणाले, “गाणं येतंय गं, पण तंबोरा कुठे गेला?” तंबोरा खरंच गेला होता. गवई थांबला की सुरुवातीला किंचित झणकार यायचा आणि लगेच विरायचा.

कॉलच्या अ‍ॅपमध्ये गोंगाट दाबण्याची सोय असते. पंख्याची घरघर, एसीचा आवाज, रस्त्यावरची वाहनं बाजूला सारून माणसाचं बोलणं पुढे आणणं हे तिचं काम. आणि गोंगाट ओळखायची तिची एक मुख्य खूण म्हणजे न बदलता सतत चालणारा आवाज. आता तंबोरा म्हणजे दुसरं काय? ज्या अखंडपणावर आपलं सगळं संगीत उभं आहे, त्यालाच ते यंत्र पंखा समजतं. डग्ग्याची घुमारी, पेटीचा धरून ठेवलेला सूर यांचीही थोडीफार हीच गत होते. साध्या फोन कॉलमध्ये तर आणखी एक अडचण असते. जुन्या टेलिफोनच्या पट्ट्यात साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झमधलाच आवाज जातो. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज १३९ हर्ट्‌झच्या आसपास असतो, म्हणजे मूळ स्वर पट्ट्याच्या बाहेर. त्याचे वरचे उपस्वर पोचतात म्हणून सूर ओळखू येतो, पण आवाजाचं वजन वाटेत हरवतं.

उपाय आहे, आणि तो फोन स्पीकरजवळ नेणं हा नाही. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ नावाची सोय आहे. ती पाठवणाऱ्याने चालू करायची, ऐकणाऱ्याने नव्हे. ध्वनिमुद्रण ऐकवायचं असेल तर माइकमधून न पाठवता स्क्रीन शेअर करताना ‘शेअर साउंड’वर खूण करावी, म्हणजे यंत्रातला आवाज थेट जातो. व्हॉट्सअ‍ॅपनेही २०२४ मध्ये स्क्रीन शेअरिंगबरोबर आवाज पाठवण्याची सोय आणली. तरीही कधीकधी चित्र जातं आणि आवाज जात नाही. अशा वेळी आपलं काही चुकलेलं असेलच असं नाही: अँड्रॉइडवर एखादं संगीताचं अ‍ॅप आपला आवाज दुसऱ्या अ‍ॅपला घेऊ देणं नाकारू शकतं.

«एकाने पैसे भरले की सगळ्यांचं भागतं»

जॅममध्ये ३२ जण येऊ शकतात, पण तो सुरू करणाऱ्याकडे प्रीमियम खातं लागतं, आणि दूर बसून सामील होणाऱ्यांनाही. एकाच खोलीत एकाच स्पीकरवर ऐकत असाल तर फुकट खातेवालाही रांगेत गाणं घालू शकतो. जाहिरातीत मित्रमंडळी एका सोफ्यावर दिसतात, हे नीट बघावं. फॅमिली प्लॅन घेऊन ताईला त्यात घालावं असा माझा विचार होता. त्या प्लॅनच्या अटीप्रमाणे सगळे एकाच पत्त्यावर राहणारे हवेत. अ‍ॅपल म्युझिक शेअरप्लेवर ऐकायचं तर प्रत्येकाचं सदस्यत्व लागतं. अँड्रॉइडवाल्याला दुव्यावरून फेसटाइमच्या गप्पांत येता येतं, शेअरप्लेमध्ये नाही. आमच्याकडे बाबांचा फोन अँड्रॉइड आहे, त्यामुळे तो प्रश्न तिथेच संपला.

भारत आणि परदेश असा गट असेल तर आणखी एक गोष्ट तपासायची. गाण्यांचे हक्क देशवार दिले जातात. इथे वाजणारं ध्वनिमुद्रण तिथे त्याच अ‍ॅपवर करड्या अक्षरांत, न वाजणारं दिसू शकतं. म्हणून पैसे भरण्याआधी आपल्या आवडीची दहा गाणी दोन्ही देशांतून शोधून पाहावीत. हिंदी चित्रपटसंगीतात ही अडचण कमी येईल, जुनी नाट्यपदं आणि खासगी मैफली ऐकणाऱ्यांनी मात्र ही पायरी गाळू नये. यूट्यूबवर अशा मैफली भरपूर आहेत आणि फुकट आहेत, पण एकाला मध्येच जाहिरात लागते आणि दुसऱ्याला नाही. पंचवीस सेकंदांत बडा ख्याल फारसा पुढे जात नाही, पण तीन मिनिटांचं भावगीत कुठच्या कुठे गेलेलं असतं.

«नेट जोरदार हवं»

खूण पाठवणाऱ्या अ‍ॅपला फार कमी लागतं. सेकंदाला १६० किलोबिट दर्जाचं गाणं तासाला ७२ एमबी खातं, ९६ चं ४३ एमबी. शिवाय अ‍ॅप पुढचा भाग आधीच घेऊन ठेवतं, त्यामुळे नेट दोन सेकंद गेलं तरी कळत नाही. कॉलवरून आवाज पाठवताना ही उसंत नसते. तिथे वेगापेक्षा सातत्य महत्त्वाचं.

«एकत्र ऐकता येतं, तर एकत्र गाताही येईल»

भजनी मंडळांनी लॉकडाऊनमध्ये हे करून पाहिलं आणि टाळ-मृदंगाची काय दशा झाली ते अनेकांना आठवत असेल. ऐकताना अर्धा सेकंद मागे-पुढे झालं तर बिघडत नाही, कारण प्रत्येक घरात गाणं आपापल्या जागी सुसंगत वाजत असतं. गाताना मात्र समोरच्याचा आवाज येण्याची वाट पाहावी लागते. साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांपुढे उशीर गेला की लय ओढली जायला लागते. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर साडेबारा हजार किलोमीटर, आणि काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे एका दिशेला किमान ६२ मिलिसेकंद, प्रत्यक्षात बरेच जास्त. मिनिटाला ३०० मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा २०० मिलिसेकंदांची असते, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा वाटेतच सरतो. कुठलंही अ‍ॅप प्रकाशाचा वेग वाढवू शकत नाही. गाव एक असेल, दोन्हीकडे तारेचं नेट असेल, तर जॅमुलस किंवा जॅकट्रिपसारखी खास वादकांसाठीची साधनं आहेत. बाकीच्यांनी एकाने गावं, इतरांनी माइक बंद ठेवून आपल्या घरी साथ करावी.

«आवडतं अ‍ॅप सापडलं की कायमचं जमलं»

टर्नटेबल डॉट एफएमवर २०११ मध्ये लोक आळीपाळीने एकमेकांना गाणी ऐकवत. हक्कांच्या अटींमुळे ते थोड्याच काळात अमेरिकेबाहेरच्यांना बंद झालं आणि २०१३ च्या अखेरीस बंद पडलं. डिस्कॉर्डवर यूट्यूबची गाणी वाजवणारे ग्रूव्ही आणि रिदम हे दोन लाडके बॉट २०२१ मध्ये यूट्यूबच्या नोटिशीनंतर बंद झाले. भारतात रेसो हे गाण्यांचं अ‍ॅप ३१ जानेवारी २०२४ ला थांबलं. या सगळ्या ठिकाणी लोकांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या याद्या होत्या. आमची यादी मी वहीत लिहिते: गायक, राग, ध्वनिमुद्रणाचं साल. अ‍ॅप गेलं तरी ती हातात राहते.

आता आमचं कसं चालतं ते सांगते. बाबांना नवं खातं उघडायचं नाही, आणि ते बरोबरच आहे, त्यांच्या वयात त्यांनी पासवर्ड का सांभाळावेत? मी मैफलीचा दुवा घरच्या ग्रुपवर टाकते. दुसऱ्या फोनवर आमचा तिघांचा कॉल चालू असतो. बाबा मोजतात, “एक, दोन, तीन,” आणि आपापल्या घरी आपापलं बटण दाबायचं. गाणं एका यंत्रावर आणि बोलणं दुसऱ्यावर असलं की बोलण्याचा माइक ते गाणं उचलून परत पाठवतो आणि सगळ्यांना दोनदा ऐकू येतं, म्हणून आम्ही माइक बंद ठेवतो.

बाबा मात्र समेला माइक उघडून दाद देतात. तीन म्हणताना त्यांचं बोट आधी पडलेलं असतं, आमचं त्यांचा आवाज पोचल्यावर, जरा उशिरा. त्यामुळे त्यांची “वाह!” आमच्याकडे समेच्या किंचित आधी येते. ताई परवा म्हणाली, “लहानपणी बाबा मांडीवर हात मारून सम दाखवायचे ना, तसंच वाटतं.”