आंबटपणाचा चकवा

चिंच दात आंबवते, पण तिच्यात क जीवनसत्त्व नावालाच असतं. गोड पेरूत मात्र ते लिंबाच्या कितीतरी पट सापडतं. लिंबाचा आंबटपणाही मुख्यतः सायट्रिक आम्लाचा. 100 मिलिलिटर रसात हे आम्ल पाच ग्रॅमच्या आसपास, तर क जीवनसत्त्व, म्हणजे अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, जेमतेम 40-50 मिलिग्रॅम. तरी ‘आंबट ते गुणकारी’ ही समजूत हटत नाही. ब्रिटिश आरमाराला ती चांगलीच महागात पडली. 1747 मध्ये ‘सॅलिस्बरी’ या युद्धनौकेवर जेम्स लिंड या वैद्याने स्कर्व्हीच्या, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या आजाराच्या, 12 रुग्णांच्या सहा जोड्या पाडल्या. कुणाला पातळ गंधकाम्लाचे थेंब, कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचं पाणी; संत्री-लिंबं मिळालेली जोडी सहा दिवसांत सावरली. गंधकाम्ल आणि व्हिनेगर दोन्ही फसले, तेव्हाच आंबटपणाचा दावा निकालात निघायला हवा होता. पण खुद्द लिंडनेच रस टिकावा म्हणून तो तासन्‌तास आटवायची शिफारस केली. आंबटपणा उरला, गुण गेला. 1795 पासून आरमारात लिंबाचा रस सर्रास मिळू लागला आणि स्कर्व्ही हटली. 1860च्या दशकात त्याच्या जागी वेस्ट इंडीजच्या हिरव्या लाइमचा रस आला. तोही आंबटच, मग हरकत कुणाची असणार! अखेर पहिल्या महायुद्धाच्या काळात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक यांच्या गटाने प्राण्यांवर प्रयोग केले. ताज्या लाइमच्या रसाची ताकद लिंबाच्या रसाच्या पाव भरली, आणि साठवलेल्या रसाची जवळपास शून्य.

क जीवनसत्त्वाच्या रेणूचा खरा गुण आंबटपणाचा नव्हे, इलेक्ट्रॉन देऊन टाकण्याचा आहे. पाण्यात टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकून त्यावर लिंबू पिळलं, तर तपकिरी रंग बघता बघता उडतो. व्हिनेगर कितीही ओता, रंग हलत नाही. शरीरातलं कामही याच जातीचं. कोलॅजेन हे प्रथिन विणणाऱ्या एन्झाइमच्या गाभ्यात लोहाचा अणू असतो. तो गंजल्यागत निकामी झाला की हे जीवनसत्त्व त्याला इलेक्ट्रॉन देऊन पुन्हा कामाला लावतं. ते नसेल तर कोलॅजेनचा तिपेडी गोफ शरीराच्या उष्णतेत टिकत नाही. हिरड्या रक्ताळतात, जुने व्रण उकलतात. ब्रिटिश आरमारातल्या अ‍ॅन्सनच्या 1740च्या सफरीतल्या एका खलाशाची तर 50 वर्षांपूर्वीची जखम पुन्हा उघडल्याची नोंद आहे. पण जो रेणू एन्झाइमला इतक्या सहज इलेक्ट्रॉन देतो, तो हवेतल्या ऑक्सिजनलाही देणारच. उष्णतेने ही उधळपट्टी वाढते, तांब्याच्या स्पर्शाने तर फारच. त्यामुळे तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेलं लिंबूपाणी हा आरोग्याचा उलटा हिशेब आहे.

मग आंबटपणाला काहीच अर्थ नाही का? आहे, पण राखणदाराचा. आम्लात हे जीवनसत्त्व सावकाश नासतं. पालेभाजी हिरवीगार दिसावी म्हणून सोडा घातला की भराभर. मात्र राखणदार म्हणजे ठेवा नव्हे. शास्त्रज्ञ सेंट-ज्यॉर्जी यांना 1930च्या दशकात हे द्रव्य किलोच्या हिशेबात मिळालं, ते हंगेरीतल्या सेगेडच्या पाप्रिका मिरचीतून. 1937 साली त्यांना नोबेल मिळालं, त्यात या मिरचीचा वाटा मोठा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: इलेक्ट्रॉन देणं इतकं मोलाचं असेल, तर ग्रॅमवारी गोळ्या का घेऊ नयेत? 1970 मध्ये लायनस पॉलिंग यांनी सर्दीवर हाच उपाय सांगितला. पॉलिंग दोनदा नोबेल मिळवलेले, म्हणून लोकांनी ऐकलं. नंतरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा वेगळं सांगतो: रोज गोळी घेऊनही सामान्य माणसाची सर्दी टळत नाही, प्रौढांत तिचा मुक्काम सुमारे आठ टक्क्यांनी घटतो, इतकंच. मॅरेथॉन धावणारे आणि कडाक्याच्या थंडीत राबणारे सैनिक यांना मात्र खरा फायदा दिसला, आणि तो नाकारायचं कारण नाही. बाकीच्यांच्या रक्तात रोजच्या सुमारे 200 मिलिग्रॅमवर पातळी जवळजवळ भरते. वरचं बरंचसं लघवीवाटे जातं. मुतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांनी तर मोठ्या मात्रांपासून दूरच राहावं. माझ्या मते गोळ्यांच्या बाटलीपेक्षा पोह्यांवरची लिंबाची फोड शहाणी आहे, कारण तिचे इलेक्ट्रॉन पोह्यांतल्या लोहालाही मिळतात आणि ते लोह आतड्यात सहज शोषलं जातं. लिंबू मात्र पोहे बशीत वाढल्यावर पिळा, कढईत आचेवर नको.