देवडीवरचा पहारा

घरांतील कर्त्या पुरुषानें फ्लूची लस टोंचून घ्यावी, पुढें त्याला नुसतें नाक वाहण्यापलीकडे कांहीं होऊं नये, आणि त्याच्याच शिंकांनीं वृद्ध मातोश्रींनीं मात्र अंथरूण धरावें, असा प्रकार पुष्कळ कुटुंबांत घडतो. मग 'लशीचा उपयोग तो काय?' हा प्रश्न निघतोच. प्रश्न रास्त आहे; पण लशीस दोष देऊन त्याचें उत्तर मिळणार नाहीं.

वाड्यांत कितीहि शूर माणसें असोत. देवडीवर पहारा नसला तर चोर चौकापर्यंत येणारच. आपल्या शरीराची देवडी म्हणजे नाक व घसा यांचें श्लेष्मल आवरण. त्यावरील चिकट स्राव विषाणूंस अडकवितो व सूक्ष्म लव त्यांस घशाकडे लोटते. शिवाय त्या आवरणाखालील पेशी 'इम्युनोग्लोब्युलिन ए' नांवाचें प्रतिद्रव्य तयार करतात. त्याचे रेणु बहुधा जोडीनें बांधलेले असतात. म्हणून शत्रूस धरावयास दोन नव्हे, चार हात मिळतात. विषाणु पेशींत शिरण्यापूर्वींच त्यास बाहेर रोखणें, हें त्याचें काम.

दंडांत टोंचलेली लस मुख्यत्वेंकरून रक्तांतील प्रतिद्रव्यें वाढविते. तीं फुप्फुसांत बऱ्यापैकीं पोंचतात, म्हणून न्यूमोनियाचा व मृत्यूचा धोका पुष्कळ कमी होतो. नाकांत मात्र तीं थोडींच झिरपतात. त्यामुळें टोंचून घेतलेला मनुष्य स्वतः बचावला, तरी कांहीं दिवस इतरांस विषाणु वाटूं शकतो.

याचा पडताळा पोलिओच्या बाबतींत आला. तेथें देवडी आंतड्यांची. इस्रायलनें २००५ सालीं बालकांस तोंडावाटें थेंब देणें बंद करून केवळ टोंचण्याची लस ठेवली. २०१३ सालीं तेथील सांडपाण्यांत पोलिओचा विषाणु सांपडूं लागला. एकहि मूल लुळें पडलें नाहीं. तरी विषाणु लस घेतलेल्या मुलांच्या आंतड्यांतून निमूटपणें फिरत होता. तेव्हां तेथील सरकारास पुन्हा थेंब पाजावे लागले.

नाकावरच पहारा बसविण्याचा उद्योग आपल्याकडेहि झाला आहे. ऑगस्ट २००९ मध्यें स्वाइन फ्लूनें भारतांतील पहिला बळी पुण्यांत घेतला. पुढल्याच वर्षीं पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें नाकांत फवारण्याची लस काढली. कोविडवर नाकांत थेंब टाकण्याची लस हैदराबादच्या भारत बायोटेकनें जानेवारी २०२३ मध्यें पुढें आणली. परंतु नाकांतील प्रतिकारशक्ति लवकर ओसरते, आणि अशा लशींनीं रोगाचा फैलाव पुरता थांबतो, असें अद्याप सिद्ध झालेलें नाहीं.

तोंवर देवडीची राखण आपणांसच केली पाहिजे. घरांतील वडीलधाऱ्यांनीं स्वतः लस टोंचून घ्यावी. दुसऱ्यानें घेतलेल्या लशीवर विसंबूं नये. ज्यास सर्दी झाली असेल त्यानें मास्क बांधावा, खिडक्या उघड्या ठेवाव्या आणि चार दिवस आजीच्या खोलींत जाणें टाळावें. 'सर्दीच तर आहे' असें म्हणणाऱ्यानें एवढें ध्यानांत ठेवावें, कीं आपली सर्दी दुसऱ्याच्या फुप्फुसांत गेली म्हणजे ती सर्दीच राहील, असा नेम नाहीं.