ओटा बदलायचा होता, घर निघाले!

रमजानच्या दोन महिने आधी घरात बोलणे निघते, ‘यंदा ईदपूर्वी स्वयंपाकघराचा ओटा बदलून घेऊ.’ मिस्त्री येतो, माप घेतो, आकडा सांगतो. ओटा फुटतो आणि मागची भिंत ओली निघते. पाइप बदलावा लागतो. मग अम्मी म्हणतात, पाइप बदलतोच आहोत तर मोरीही करून घ्या. भाऊ म्हणतो, लाद्या आणायच्याच आहेत तर हॉलच्याही आणू. ईदचा चंद्र दिसतो तेव्हा हॉलमध्ये वाळूचा ढीग असतो आणि अब्बांच्या हजसाठी ठेवलेल्या पैशांना हात लागलेला असतो.

यात लबाडी कोणीच केलेली नसते. प्रत्येकाची सूचना बरोबरच असते. चूक एवढीच की, काम कुठे संपते हे सुरुवातीला कोणी ठरवलेले नसते.

ही चूक सरकारेही करतात. ऑस्ट्रेलियातील सिडनीचे ऑपेरा हाऊस आज जगप्रसिद्ध आहे. 1957 साली डेन्मार्कचे वास्तुविशारद यॉर्न उत्झन यांचा आराखडा निवडला गेला. अंदाज होता सुमारे 70 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा आणि इमारत 1963 च्या जानेवारीत पूर्ण व्हायची होती. पण राज्य सरकारला घाई होती. छप्पर नेमके कसे उभे राहील याचे उत्तर मिळण्याआधीच, 1959 मध्ये पायाचे काम सुरू झाले. पुढे छपराचा भार कळला, तेव्हा बांधलेले खांब कमजोर ठरले. ते काढून पुन्हा बांधावे लागले.

गोष्ट इथे थांबली नाही. मोठे सभागृह आधी ऑपेरा आणि वाद्यवृंद या दोन्हींसाठी ठरले होते. सरकारशी वाद होऊन उत्झन 1966 मध्ये काम सोडून गेले. त्यानंतर ते फक्त वाद्यवृंदासाठी ठेवण्याचा निर्णय झाला. रंगमंचाची बसवलेली यंत्रे काढून टाकावी लागली आणि ऑपेरा लहान सभागृहात गेला. 1973 मध्ये उद्घाटन झाले तेव्हा खर्च 10 कोटी 20 लाख डॉलरवर गेला होता, म्हणजे अंदाजाच्या चौदा पटींहून अधिक.

सरकार असा खर्च सोसू शकते, पगारावर चालणारे घर नाही. म्हणून हातोडा पडण्यापूर्वी एका कागदावर चार गोष्टी लिहाव्यात.

पहिली, काय करायचे आहे. ‘स्वयंपाकघर नीट करणे’ असे नको. ओटा किती फुटांचा, दगड कोणता, नळ किती, हे लिहा.

दुसरी, काय करायचे नाही. ‘मोरी आणि हॉल यंदा नाही.’ ही ओळ बहुतेकजण विसरतात, आणि नेमके तिथूनच काम वाढते.

तिसरी, पैसे कोणत्या टप्प्यावर द्यायचे आणि काम पूर्ण झाले असे कधी मानायचे.

चौथी, बदलाला होकार कोण देणार. मिस्त्रीला घरातल्या पाच जणांनी पाच सूचना दिल्या तर तो पाचही करील आणि पैसे पाचांचेही मागेल.

उधारीचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवावा, ही शिकवण सूरह बकरामध्ये आपण वाचतोच. मिस्त्रीबरोबरचा कागदही तसाच दोघांच्या भल्याचा असतो. त्याचीही मजुरी बुडत नाही.

अर्थात, कागद म्हणजे बेडी नव्हे. भिंत ओली निघाली तर पाइप बदलावाच लागेल. त्यासाठी थोडी रक्कम आधीच बाजूला ठेवावी. पण हॉलच्या लाद्या ही गरज नाही, हौस आहे. नवी सूचना आली की तीन प्रश्न विचारा: पैसे किती वाढतील, दिवस किती वाढतील, आणि त्यासाठी कोणते काम सोडायचे? उत्तरे त्याच कागदावर लिहा, मगच होकार द्या.

आणि अम्मींची मोरी? तिला नकार नको. कागदाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवा, ‘पुढच्या वर्षी, पहिले काम.’