पैसे भरले, तरी वहीत नोंद

पूर्वी अकोल्याच्या टॉकीजमध्ये सिनेमा पाहायचा, तर खिडकीवर पैसे देऊन तिकीट घ्यायचे. दारावरचा माणूस ते फाडून अर्धे हातात देई. नाव काय, गाव कोणते, हे कोणी विचारत नसे. खेळ संपला की व्यवहार संपला.

आता सिनेमा मोबाइलवर आला आहे. नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ, जिओहॉटस्टार अशी ॲप आहेत. वर्गणी भरायची आणि घरबसल्या पाहायचे. सोय मोठी आहे. पण इथे खेळ संपला, तरी व्यवहार संपत नाही.

तो कसा? किराणा दुकानदाराची उधारीची वही आपण पाहिली आहे. ॲपवाल्यांचीही अशीच वही असते. तुम्ही काय पाहिले, किती वाजता पाहिले, मधेच कुठे बंद केले, काय शोधले, हे सारे तिच्यात आपोआप नोंदले जाते. दुकानदार आपल्यासमोर लिहितो. ही वही मात्र दिसत नाही.

कोणी विचारील, "आम्ही रोख पैसे भरतो. मग वही कशाला?" वहीवरून तुमची आवड कळते. आवडीप्रमाणे पुढचा सिनेमा सुचवता येतो. जाहिरातीही निवडता येतात. जून २०२५ पासून प्राइम व्हिडिओ भारतात वर्गणीदारांनाही जाहिराती दाखवू लागले. त्या नको असतील, तर जादा पैसे!

दुसरा म्हणेल, "पाहू दे ना बाप्पा, आपल्यापाशी लपवाले काय हाय?" त्याने अमेरिकेतली ही हकिगत ऐकावी. २००६ साली नेटफ्लिक्सने एका स्पर्धेसाठी सुमारे ४ लाख ८० हजार ग्राहकांनी सिनेमांना दिलेले गुण खुले केले. नावे काढून टाकली होती. तरीही अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव्ह या अभ्यासकांनी दाखवून दिले, की थोडी माहिती जुळवली तर माणूस ओळखता येतो. प्रकरण कोर्टात गेले. २०१० साली कंपनीने पुढची स्पर्धा रद्द केली. माणूस काय पाहतो, यावरून त्याचे विचार, त्याची काळजी, त्याचे दुखणे यांचा अंदाज येतो. घरातली गोष्ट घरातच बरी.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ साली माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. तो टप्प्याटप्प्याने लागू करायचे ठरले. या कायद्याप्रमाणे कोणती माहिती कशासाठी घेतो, हे कंपनीने सांगावे. ते मराठीतही वाचता आले पाहिजे. दिलेली संमती परत घेता येते. मुलांच्या माहितीसाठी आईबापांची संमती लागते.

म्हणून एवढे करा. ॲप ठिकाण, फोनमधले नंबर किंवा माइक मागत असेल, तर "नाही" म्हणा. पाहिलेल्याची यादी काढून टाकायची सोय असेल, तर ती वापरा. मुलांचे खाते वेगळे ठेवा.

पूर्वी सावकार कागद पुढे करी आणि न वाचता अंगठा उठे. त्या अंगठ्यापायी कित्येकांची शेते गेली. आज मोबाइलवर "मान्य आहे" असे बटन येते. तेही अंगठ्यानेच दाबतात. आता तुम्हाला वाचता येते. आधी वाचा, मगच अंगठा लावा.