भराव पडण्याआधी उघाडी पाहा

शिवडीहून न्हावा-शेवाकडे येणारा सुमारे २२ किलोमीटरचा सागरी पूल जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. आता त्याला मिळणाऱ्या रस्त्यांची आणि जमिनीच्या भावांची चर्चा पनवेल-उरणकडच्या गावोगाव चालते. पाण्याची मात्र कोणी काढत नाही. खारपट्टीतला शेतकरी तर जगतो तो पाण्याच्या येण्याजाण्यावर.

खारजमिनीची रीत तुम्हांला ठाऊकच आहे. भरतीच्या रेट्याने उघाडीचे दार आपोआप मिटते, ओहोटीला उघडते आणि शेतातले पावसाचे पाणी खाडीत जाते. मृग-आर्द्राच्या सरींनी वरच्या थरातले मीठ धुऊन निघाले, की मग आपण लावणी करतो. आता शेत आणि उघाडी यांच्यामध्ये रस्त्याचा दोन पुरुष उंच भराव पडला आणि त्यात एकच बेताची मोरी ठेवली, तर? ओहोटी जेमतेम सहा तासांची. तेवढ्यात पाणी निघत नाही, तोवर पुन्हा भरती लागते. रोप बुडून कुजते आणि मीठही जागच्या जागी राहते.

खाडीच्या अंगाला तिवरांचेही तेच. भरावाने भरतीचे पाणी तोडले, की तिवर सुकते. ते गेले, की लाटेचा मारा थेट बांधावर. बांध फुटून खारे पाणी एकदा आत शिरले, की जमीन ताळ्यावर यायला दोन-तीन पावसाळे जातात. पनवेल-१, २, ३ या भाताच्या जाती खारटपणा सोसतात, त्या अवश्य लावा. पण तुंबलेल्या पाण्यावर तो उपाय नव्हे.

माझ्या नोकरीत एका गावी मोरी नाल्यावर न ठेवता पन्नास हात बाजूला, उंचवट्यावर बांधली गेली. पाहणी वैशाखात झालेली, नाला कोरडा, दिसणार कसा? मी पत्र लिहिले, पण भराव पडून गेल्यावर. उशीर माझाही झाला, हे कबूल करतो.

वरळीच्या कोळ्यांनी असे होऊ दिले नाही. सागरी किनारा रस्त्याच्या पुलाखालून होड्या जाणे अवघड, म्हणून ते अडून बसले. मागणी मोठी होती, ती सारी पुरी झाली नाही. तरी दोन खांबांतले अंतर ६० मीटरचे १२० मीटर झाले.

तेव्हा आखणीच्या खुणा दिसताच गावनकाशा काढा. भर पावसात, उधाणाच्या दिवशी, जुन्या जाणत्यांना घेऊन शिवार फिरा आणि प्रत्येक नाला, प्रत्येक उघाडी नकाशावर लाल पेन्सिलीने दाखवा. तेथे तेथे मोरी हवी, असा ग्रामसभेचा ठराव करून नकाशासह द्या आणि पोच घेऊन ठेवा.